सहाशे बत्तीस टेक

२ मार्च, सोमवार

झालं एकदाचं! सगळी गाणी एका फोल्डरमध्ये, अकारविल्हे. चार तास बसले. मान आखडली, पण जीव गार झाला. यांच्या संगणकाकडे बघवत नव्हतं – एकशे नव्वद फोल्डर आणि प्रत्येकावर नुसती तारीख! एखादं गाणं हवं तर आधी ते कुठल्या वर्षी कुठल्या दिवशी रेकॉर्ड झालं ते आठवा. यांना आठवतं म्हणा, स्टुडिओत यांनीच तर ती रेकॉर्ड केली. पण असं कुणी ठेवतं का? आमच्या ग्रंथालयात कुणी पुस्तकं खरेदीच्या तारखेप्रमाणे लावायला निघालं असतं तर मी त्याला दारातूनच परत धाडलं असतं.

दुसरी डिस्कही लगेच जोडून घेतली. गाण्यांची जादा प्रत असते ती. दर रविवारी ती जोडायची आणि ‘दोन्हीकडे सारखं करा’ दाबायचं, हे काम पहिल्यापासून माझ्याकडे. काल राहिलं होतं, आज केलं. दोन्हीकडे आता छान यादी आहे.

घाई अशासाठी की ऑपरेशन तेवीस तारखेला आहे. यांचा डावा कान दहा वर्षांपूर्वीच गेला. आता उजव्याच्या मागे गाठ. डॉक्टर आडपडदा न ठेवता म्हणाले, “गाठ काढावीच लागेल. ऐकू येणं बहुतेक राहणार नाही. कदाचित त्याआधीच जाईल, तयारी ठेवा.” हे म्हणाले, “बरं.” जणू पावती फाडून मिळाली! मग लिफ्टमध्ये म्हणाले, “तीन आठवडे आहेत. माझी गाणी एकदा ऐकून घेतो. मला हाका मारायच्या नाहीत.”

म्हणून म्हटलं, शोधण्यात वेळ नको जायला. बोट ठेवलं की गाणं लागलं पाहिजे.

३ मार्च, मंगळवार

भाचीच्या सहलीचे फोटो संगणकात घातले. दोनशे ऐंशी! अर्ध्यांत तिचा अंगठाच आहे.

४ मार्च, बुधवार

हे आज ऐकायला बसले. खोलीतून आवाज – “पाळणा कुठे आहे?”

मी ऐटीत, “प मध्ये!”

“एकच आहे.”

“मग किती हवेत?”

“अकरा होते.”

मी ओट्यापाशी होते. हात तसाच नळाखाली राहिला. “बघते,” म्हटलं. यांनी दुसरं गाणं लावलं.

५ मार्च, गुरुवार

घोटाळा झालाय. नीट लिहून काढते म्हणजे निदान मला तरी कळेल.

फोल्डर एकत्र करत होते तेव्हा संगणक सारखा विचारत होता – या नावाची फाइल इथे आहे, तिच्या जागी ही ठेवू का? एकदा हो म्हटलं, दोनदा हो म्हटलं. मग खालच्या चौकोनात खूण केली – सगळ्यांसाठी हेच. एकाच नावाच्या दोन प्रती म्हणजे एक जास्तीची, ही एकतीस वर्षांची सवय. मला वाटलं, नवरा माझा विसराळू, तेच गाणं दहा-दहा वेळा साठवून बसलाय.

रविवारच्या वहीत मी दर वेळी आकडा टाकते. शेवटचा आकडा २८४६. आज मोजले – २२१४. सहाशे बत्तीस कमी. दुसऱ्या डिस्ककडे धावले. तिथेही २२१४. असणारच! मीच नाही का दोन्हीकडे सारखं केलं?

हातात होतं ते नीटनेटकेपणाच्या नादात घालवलं. मला माझाच इतका राग आलाय की पेन कागदात रुततंय.

यांना म्हटलं, दुसऱ्या डिस्कवर असतील, रविवारी बघू. खोटं.

६ मार्च, शुक्रवार

कामात लक्ष नाही. एकाला मागितलेलं पुस्तक सोडून भलतंच दिलं, तो बिचारा घेऊनही गेला.

नणंदेचा फोन. तिला सांगून टाकलं. ती म्हणाली, “वहिनी, दादाला आज सांग. तो चिडणार नाही. चिडला असता तर बरं, असं वाटेल तुला. पण सांग.”

आज नाही सांगितलं.

७ मार्च, शनिवार

सांगितलं.

सकाळी चहा झाल्यावर समोर बसले. मागून बोललेलं यांना हल्ली कळत नाही, म्हणून समोर. सगळं एका दमात. हे ऐकत होते, माझ्या ओठांकडे बघत. मग विचारलं, “एकाच नावाची सगळी?” मी मान हलवली.

मग मला समजावून सांगितलं – चौतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. स्टुडिओत गाणं एकदा होत नाही. गाणारी चुकते, व्हायोलिनवाला घाई करतो, कुणाला खोकला येतो. पुन्हा. पुन्हा. दर खेपेचं एक टेक. त्यातलं एक निवडून बाहेर जातं, बाकीची कपाटात पडतात. स्टुडिओ बंद झाला, तिथे फर्निचरचं दुकान आलं, तेव्हा मालक टेपा टाकून देत होता. यांनी खोकी भरभरून घरी आणली. (तेव्हा मी घरात केवढी आदळआपट केली होती ते आठवलं.) निवृत्तीनंतर नऊ वर्षं मागच्या खोलीत बसून एकेक टेप संगणकात उतरवली, खरखर काढली. गाणं एकच म्हणून नाव एकच. वेगळी फक्त तारीख.

“बाजारात मिळतं ते मी कशाला जपू?” एवढंच म्हणाले. आवाज चढवला नाही. नणंदेचं खरं होतं. चढवला असता तर बरं झालं असतं.

मग एकदम उठले आणि संगणकाची वायर भिंतीतून उपटली. “याला आता हात लावायचा नाही. काही घालायचं नाही, काही पुसायचं नाही.”

८ मार्च, रविवार

यांच्यासाठी चहा दोनदा गरम केला. दोन्ही वेळा मीच प्यायले.

९ मार्च, सोमवार

अर्ध्या दिवसाची रजा टाकून संगणकातली डिस्क घेऊन दुरुस्तीच्या दुकानात गेले. औषधांच्या दुकानाशेजारचा तो अरुंद गाळा. आत एक बाई – माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, चष्मा कपाळावर, टेबलावर पोटं उघडलेले चार संगणक. मी नेहमीप्रमाणे विचारलं, “मालक आहेत का?” ती म्हणाली, “बोलते आहे.” अशी ओशाळले!

डिस्क जोडून बघितली. म्हणाली, “मावशी, काय काम करता?” सांगितलं. “मग सोपं आहे. संगणक पुसतो म्हणजे काय करतो, तर यादीतली नोंद खोडतो. पुस्तक कपाटातच असतं. त्या जागी दुसरं येऊन बसलं की मात्र गेलं. नंतर काही घातलंत का यात?”

सहलीचे फोटो! दोनशे ऐंशी अंगठे!

“मग थोडी जातील. चार दिवस द्या. आणि देवाशपथ, दुसरी डिस्क मला दाखवू नका, तिच्यात तुम्ही सगळं नव्याने लिहून ठेवलंय.”

घरी येऊन यांना सांगितलं. “वायर वेळेवर काढली,” म्हणाले. मला वाटतं, यात माफीचा एक आणा होता.

१० मार्च, मंगळवार

काही नाही. वाट बघणं.

१२ मार्च, गुरुवार

फोन आला! एक दिवस आधीच! पाचशे सत्त्याण्णव मिळाली, पस्तीस गेली. जिवात जीव आला. ग्रंथालयातच टाळी वाजवली. वाचनकक्षात सगळ्यांनी माना वर केल्या. एरवी शुक्‌ शुक्‌ करणारी मी!

आणायला गेले तेव्हा कळलं की गोम आहे. नावं नाहीत. तारखा नाहीत. पाचशे सत्त्याण्णव फाइली आणि प्रत्येकीवर आठ आकडी नंबर. दुकानवाली म्हणाली, “आतलं शाबूत आहे, पण लेबलं गेली. ऐकून ऐकून लावावी लागतील.”

ऐकून. आणि ऑपरेशनला अकरा दिवस.

१३ मार्च, शुक्रवार

सोमवारपासूनची पूर्ण रजा टाकली. आणि आजच कामाला लागलो.

पद्धत अशी – ग्रंथालयाने रद्द केलेली तालिकेची, म्हणजे पुस्तकांच्या यादीची कार्डं मी घरी आणून ठेवलेली होती, हजारभर तरी, मागची बाजू कोरी. एका फाइलीला एक कार्ड. हे संगणकासमोर, डोक्यावर हेडफोन. मी शेजारी कार्डं घेऊन. हे ऐकून सांगतात, मी लिहिते – नंबर, गाणं, साल, कितवं टेक. या संगणकाला स्पीकर कधीच नव्हते. यांच्या मते ते डबडी असतात.

फाइल ते त्यांच्या जुन्या सफाईच्या प्रोग्रॅममध्येच उघडतात. आवाजाची आकृती दिसते त्यात, काळ्यावर हिरवी, कुठे फुगलेली कुठे बारीक. नऊ वर्षं तिच्यातूनच खरखर वेचून काढली, आता दुसरं काही चालत नाही. हट्टी माणूस.

मला काही विचारायचं असलं तर कार्डावर लिहून समोर धरते. हाका मारायच्या नाहीत, असं ठरलंय ना.

आज अडतीस झाली.

१४ मार्च, शनिवार

एकसष्ट! हात बसला.

मला वाटायचं हे काम रडवेलं होईल. उलट हे इतके बोलतात! “साबणाची जाहिरात, टेक चार – इथे बासरीवाल्याला शिंक.” “हे गाणारी नुकती आई झाली होती तेव्हाचं. पाळणा, टेक दोन. मूल घरी ठेवून आली होती, मध्येच थांबली.” “इथे खुर्ची करकरली म्हणून मालक माझ्यावर ओरडला, खुर्ची त्याची होती.” मी म्हटलं, कार्डावर खुर्ची लिहू का? म्हणाले, लिही.

चांगलं काही आलं की हेडफोन काढून माझ्या डोक्यावर चढवतात. आज असंच एक. आधी शांतता, मग एक तरुण आवाज – “टेक सात. सगळे गप्प.” मला दोन क्षण ओळखूच आला नाही. हेच! तिशीतले! काय तो रुबाब! घरात कधी हा आवाज लावला नाही. लावला असता तर मीही गप्प बसले असते बहुतेक.

१५ मार्च, रविवार

चौसष्ट. पाळण्याची अकरापैकी आठ सापडली.

माफीचा आज आणखी एक आणा – “तू केलंस म्हणून पुन्हा सगळी एकेक करून ऐकतोय. नाहीतर मी आवडती तेवढीच ऐकली असती.” हे खरं की माझं मन राखायला, कळत नाही. पण मी दोन्ही हातांनी घेतलं.

१७ मार्च, मंगळवार

काल सत्तर, आज पंच्याहत्तर. आवाज इतका मोठा ठेवतात की स्वयंपाकघरात मला पोचतो. कार्डावर लिहिलं – कान फुटतील. वाचलं आणि म्हणाले, “कुणासाठी राखू?”

भांडी घासायला गेले.

१८ मार्च, बुधवार

सकाळी रक्ततपासणी, कागदांवर सह्या. दुपारी नणंद आली, भावाला बघायला. दारातूनच “दादा!” – हे ढिम्म. पुन्हा “दादा!” – तरी ढिम्म. ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, अगं हे माझ्या बाबतीत लग्नापासून आहे. हसली बिचारी. समोर गेल्यावर मात्र छान गप्पा मारल्या यांनी. जास्त यांनीच.

जाताना ती जिन्यात माझा हात धरून उभी राहिली. “वहिनी, बाकीची नाही झाली तरी चालेल गं.” मी म्हटलं, चालणार नाही. मी घालवलीत, मी लावणार. ऑपरेशननंतर यांना विचारून काय उपयोग?

संध्याकाळी ऐंशी पुरी केली.

१९ मार्च, गुरुवार

थोडी वादावादी.

एक फाइल लावली. “पाळणा, टेक तीन.” मी कार्डं चाळली. टेक तीन रविवारीच झालंय! लिहून समोर धरलं. “मग ते आधीचं चुकलं असेल,” म्हणाले. मी दुसरं कार्ड धरलं – तुम्हीच सुरुवातीला मोठ्याने सांगता ना कितवं ते? “यात पुसट आहे.” आणि मग जरा तुटक – “प्रश्नचिन्ह टाक, पुढे चल.”

प्रश्नचिन्ह टाकलं. मला प्रश्नचिन्ह आवडत नाही. कपाटात ठेवायला जागा नसते त्याला. पण दमले असतील. तासन् तास पडद्याला नाक लावून बसतात, डोळे लाल झालेत.

आज त्र्याऐंशी. मला थोडी शंका – इतक्या भराभर कसं? दहा-बारा सेकंदांत सांगून मोकळे. पण तालिकेचं काम मीही असंच करायचे. मुखपृष्ठ दिसलं की वर्गांक तोंडात. मुरलेल्या माणसाचं असंच असतं.

२० मार्च, शुक्रवार

चौऱ्याऐंशी. उरली बेचाळीस. उद्या संपणार म्हणजे संपणार!

आज नवी जादा प्रतही करून घेतली – या वेळी कोऱ्या तिसऱ्या डिस्कवर, नुसतं ‘कॉपी करा’. ‘सारखं करा’ला मी आता जन्मात हात लावणार नाही. दुकानवालीला फोन करून विचारलं, बरोबर ना? “मावशी, पहिल्यांदाच बरोबर,” म्हणाली. आगाऊ आहे. मला आवडते.

दवाखान्याची पिशवी भरली. दोन लुंग्या, चष्म्याचं घर, दाढीचं सामान. कोरी कार्डं शंभर आणि दोन पेनं, बोलायला. हे बघून म्हणाले, “म्हणजे आता माझ्याशी भांडायला तुला शुद्धलेखन तपासावं लागणार.” मी म्हटलं, माझं चोख आहे, काळजी तुम्हीच करा. दोघंही हसलो.

मला भीती वाटते. ऑपरेशनची नाही. नंतर घरी आल्यावर मी काहीतरी बोलेन, सवयीने, स्वयंपाकघरातून, आणि ते कुठेच पोचणार नाही, याची. लिहिलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

२१ मार्च, शनिवार

बेचाळीस झाली. जेवणाच्या आधीच. एकही प्रश्नचिन्ह नाही.

शेवटच्या फाइलीवर हे हसले. हेडफोन काढून माझ्या कानांवर चढवला. “हे ऐक. व्हायोलिन काय धरलंय बघ!” पडद्यावर हिरवी आकृती सरकत होती. माझ्या कानात काहीच नाही. वायरीवरून नजर मागे नेली. पिन टेबलामागे लोंबत होती – सकाळी झाडायला मीच टेबल ओढलं होतं, तेव्हा निघाली असणार.

म्हणजे आजची सगळी यांनी नुसती आकृती बघून सांगितली. ऐकू येणं गेलंय. आजच नाही. किती दिवस झाले कोण जाणे. आणि हे माझ्यासाठी नावं सांगत बसले.

हे माझ्या तोंडाकडे बघत होते, आवडतंय का ते कळायला. मी डोळे मिटले आणि मान डोलावत राहिले. गाणं चार मिनिटांचं होतं.